हेल असतो तो दुसऱ्यालाच

सहावीत असताना मी अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला मावशीकडे शिकायला आलो. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात बाईंनी विचारलं, काल का आला नाहीस? मी उभा राहून सांगितलं, "बाई, शायेतच येऊन राहिलो होतो, पण पोट दुखून राहिलं होतं." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी फक्त 'शाळा' हा शब्द माझ्याकडून पाचदा म्हणवून घेतला. जीभ मागे वळव, टाळूला लाव, आता सोड. पाचव्या खेपेला ळ जमला आणि मी खाली बसलो. आपल्या बोलण्याला हेल आहे, हे मला गावात कधीच कुणी सांगितलं नव्हतं. तो पुण्यात आल्यावर लागला, नवी चप्पल लागते तसा.

'कुठल्या देशात कुणाचा हेल सगळ्यात ठसठशीत' हा गप्पांचा हमखास रंगणारा विषय. ब्रिटन म्हटलं की कुणी ग्लासगोचं नाव घेतो, कुणी न्यूकॅसलच्या जॉर्डीचं, कुणी लिव्हरपूलच्या स्काउसचं. जपान म्हटलं की मुख्य बेटाच्या उत्तर टोकाच्या आओमोरीतली त्सुगारू बोली पुढे येते. टीव्हीवर तिथले म्हातारे बोलू लागले की खाली जपानीतच अक्षरं दाखवावी लागतात. फ्रान्समध्ये मार्सेय आणि तुलूझ, जर्मनीत बव्हेरिया, इटलीत नेपल्स, अमेरिकेत ॲपलाचियन डोंगरपट्टा. आपल्याकडे तर विचारूच नका. एकच साधा प्रश्न नागपुरात 'काय करून राहिला बे', कोल्हापुरात 'काय करायलास', मालवणात 'काय करतंस' आणि पुण्यात 'काय करतोयस' असा येतो.

या याद्यांमध्ये एक गंमत आहे. त्यांत पॅरिस कधी नसतं. टोकियो नसतं. लंडनच्या सुस्थितीतल्या वस्त्या नसतात. पुण्याच्या पेठा तर नसतातच. जणू तिथली माणसं हेलाशिवायच बोलतात, पाणी कसं रंगाशिवाय असतं तसं. पण बिनहेलाचं बोलणं म्हणजे बिनचेहऱ्याचं तोंड. ते असूच शकत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की 'सगळ्यात ठसठशीत हेल' हे बोलणाऱ्याच्या जिभेचं मोजमापच नव्हे. सत्ता, पैसा आणि पाठ्यपुस्तकं जिथून निघतात त्या गावापासून तुमचं गाव किती लांब आहे, याचं ते मोजमाप आहे. आणि लांबी मोजायची पट्टी नेहमी त्याच गावात ठेवलेली असते.

हे नुसतं रागानं म्हणत नाही. एकट्या 'र'ची गोष्ट पाहा. 1962 साली विल्यम लबॉव्ह हा तरुण अभ्यासक न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांतून हिंडला. सॅक्स श्रीमंतांचं, मेसीज मधल्या लोकांचं, एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते त्यानं आधी पाहून ठेवलं होतं. मग विक्रेत्यांना तो नेमक्या त्याच वस्तूची जागा विचारायचा. उत्तर यायचं, 'फोर्थ फ्लोअर'. ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारायचा, आणि मग कोपऱ्यात जाऊन टिपून घ्यायचा, की 'र' उच्चारला की गिळला. सॅक्समधल्या 62 टक्के विक्रेत्यांनी कुठे ना कुठे 'र' उच्चारला, मेसीजमध्ये 51 टक्क्यांनी, क्लाइनमध्ये जेमतेम 20 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे न्यूयॉर्कात 'र' उच्चारणं हे वरच्या पायरीचं लक्षण. आता अटलांटिक ओलांडून लंडनला या. तिथे 'र' गिळणं हेच खानदानी, आणि तो ठासून उच्चारणारा सॉमरसेटचा शेतकरी हा विनोदी पात्राचा जुना साचा. अक्षर तेच, जीभ तीच, भाषाही तीच. एका किनाऱ्यावर ते साहेबाचं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर गड्याचं. 'र'मध्ये स्वतःचा असा दर्जा असता तर तो समुद्र ओलांडताना बदलला नसता.

कुणी म्हणेल, काही हेल कानालाच खटकतात, त्याला कोण काय करणार? बर्मिंगहॅमचा हेल हे त्याचं नेहमीचं उदाहरण. 1970च्या सुमारापासून ब्रिटनमध्ये लोकांना वेगवेगळे उच्चार ऐकवून किंवा नावं सांगून गुण द्यायला लावण्याच्या पाहण्या होत आल्या आहेत. अर्ध्या शतकात राज्यकर्ते बदलले, कारखाने बंद पडले, पण बर्मिंगहॅम तळाशी ते तळाशीच. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोलीस चौकशीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं. संशयिताचा उच्चार बर्मिंगहॅमचा असला तर ऐकणाऱ्यांना तो जास्त दोषी वाटला. मग हा हेल खरोखरच कर्कश असेल का? पीटर ट्रडगिल आणि हॉवर्ड जाइल्स या दोघांनी हे तपासायला ब्रिटनबाहेरचे कान वापरले. ज्या अमेरिकनांना हा उच्चार कुठला आहे हेच ओळखता आलं नाही, त्यांना तो कुरूपही वाटला नाही. बर्मिंगहॅम म्हणजे भट्ट्या, धूर आणि कामगार हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या कानाला त्या सुरांत धूर लागत नाही. कानाला खटकतं ते शहर. आवाज फक्त पत्ता सांगतो.

याच ब्रिटनमध्ये 1926 साली बीबीसीनं 'बोलल्या जाणाऱ्या इंग्रजी'साठी सल्लागार समिती नेमली होती. निवेदकांनी कुठला शब्द कसा उच्चारायचा हे ती ठरवायची. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष. त्यांच्या मृत्यूनंतर 1930मध्ये बर्नार्ड शॉ. हा योगायोग मला फार आवडतो. फुलं विकणाऱ्या पोरीचे उच्चार सुधारून तिला सरदारघराण्यातली म्हणून खपवता येतं असं नाटक लिहिणारा हाच तो माणूस, आणि त्या नाटकाचा पहिला प्रयोग 1913 साली झाला तो व्हिएन्नात, जर्मन भाषेत! आपण ते नाटक पुलंच्या 'ती फुलराणी'तून ओळखतो, आणि आपल्याला त्यातली पोरगीच लक्षात राहते. उच्चार बदलला तर माणूस बदलत नाही, समोरच्याचे डोळे बदलतात, हा शॉचा टोमणा आपण टाळ्यांच्या कडकडाटात विसरतो. समितीच्या अध्यक्षांनाही तो किती आठवत होता कोण जाणे. स्वतः डब्लिनचे, आणि आपला आयरिश सूर त्यांनी जन्मभर सोडला नाही.

1941 साली, ऐन युद्धात, त्या बीबीसीवर विल्फ्रेड पिकल्स बातम्या वाचू लागले. माणूस यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचा. जर्मनांना या उच्चाराची नक्कल करणं जड जाईल, असा एक हिशेब त्यामागे होता म्हणतात. रात्रीच्या बातम्या संपवताना ते उत्तरेकडच्या लोकांना आपल्याकडच्या ढबीत 'गुड नीट' म्हणायचे. तक्रारींचा पाऊस पडला. मजा अशी की बातम्या त्याच, खरेपणा तोच, पण हॅलिफॅक्सच्या तोंडून आल्या तर काहींना त्या बातम्याच वाटेनात. मार्गारेट थॅचर यांनी आपला आवाज आणि उच्चार शिकवणी लावून घासून घेतला होता हे जगजाहीर आहे. पण 1983च्या एप्रिलमध्ये संसदेत विरोधकांवर चिडून त्या ओरडल्या, 'फ्रिट!' म्हणजे घाबरलात. लिंकनशरमध्ये, वडिलांच्या किराणा दुकानाच्या आसपास बोलला जाणारा शब्द. राग आला की माणूस गावी जातो, हे आपल्या घरातही दिसतं.

इथवर सगळं थट्टेवारी नेता येईल. पण हेल कधी कधी माणसाच्या जिवावर बेततो, आणि तेही परक्याच्या नव्हे, आपल्याच देशातल्या माणसाच्या. 1 सप्टेंबर 1923ला टोकियो-योकोहामा परिसरात मोठा भूकंप झाला. आगी लागल्या, आणि कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत अशी अफवा पसरली. गावोगाव लाठ्याकाठ्या, भाले, तलवारी घेतलेली पथकं उभी राहिली. संशयिताला थांबवून 'पंधरा येन पन्नास सेन' म्हणायला लावायचं. त्यातले 'ज', 'ग' असे घोष उच्चार कोरियन जिभेला अवघड. चुकला की मारायचं. यात हजारो कोरियन मारले गेले. 6 सप्टेंबरला चिबा प्रांतातल्या फुकुदा गावाजवळ, तोने नदीच्या काठी, पंधरा फिरत्या विक्रेत्यांचा एक जथा अडवला गेला. ते औषधं विकायचे. कोरियन नव्हते. शेकडो मैल दूरच्या शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातले जपानी होते, आणि त्यांचं बोलणं तिथल्या लोकांच्या कानाला परकं होतं. त्यांतल्या नऊ जणांना मारून टाकलं. त्यात लहान मुलं होती, एक गरोदर बाई होती. पुढे आठ जणांना शिक्षा झाली, आणि नव्या सम्राटाच्या काळातल्या माफीत ते सुटले.

ती माणसं कोरियन असती तर मारणं योग्य ठरलं असतं, असं अर्थातच नाही. पण हा प्रसंग मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. 'आपण सगळे एकाच देशाचे' हे वाक्य शाळेत रोज म्हणणाऱ्या लोकांनी आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाचा आवाज आयुष्यात कधी ऐकलाच नव्हता. शाळेनं त्यांना प्रमाण जपानी शिकवली होती. कागावा कशी बोलते हे ऐकवलं नव्हतं. त्याच काळात दक्षिणेला ओकिनावाच्या शाळांत मूल स्थानिक बोलीत बोललं की त्याच्या गळ्यात 'बोलीची पाटी' लटकवत, आणि पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत ती उतरत नसे. जीभ सरळ करण्यावर एवढी मेहनत. कानावर शून्य.

फ्रान्सनं हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून करून पाहिली, कायद्यानं. 2018च्या ऑक्टोबरात डाव्या पक्षाचे नेते जाँ-ल्यूक मेलाँशों यांनी प्रश्न विचारणाऱ्या एका पत्रकार बाईंच्या तुलूझच्या उच्चाराची तिच्यासमोर नक्कल केली, आणि मग बाकीच्यांना विचारलं, कुणी फ्रेंचमध्ये, थोडंफार कळेल असं विचारेल का? मेलाँशों तेव्हा खासदार कुठले, तर मार्सेयचे. म्हणजे ज्या दक्षिणेची मतं घेतली, तिचाच हेल वेडावला. दोन वर्षांनी जाँ कास्तेक्स पंतप्रधान झाले. ते दक्षिणेतल्या जेर्सचे. त्यांच्या धोरणांआधी त्यांच्या उच्चारावर लिहून आलं. कुणी तर त्यात रग्बीच्या सामन्यानंतरची मैफल ऐकली. नोव्हेंबर 2020मध्ये फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहानं 98 विरुद्ध 3 मतांनी एक विधेयक मंजूर केलं. उच्चारावरून नोकरी वगैरे नाकारणं हा वंश, लिंग किंवा अपंगत्वावरून केलेल्या भेदभावाइतकाच गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, 45,000 युरोपर्यंत दंड. वरिष्ठ सभागृहात ते पुढे सरकलं नाही.

बातमी वाचली तेव्हा माझ्यातला सहावीतला मुलगा खूश झाला होता. आता विचार केल्यावर वाटतं, ते अडकलं ते फार बिघडलं नाही.

का ते सांगतो. मुलाखतीत कुणी 'तुझा हेल आवडला नाही' असं म्हणत नाही. 'सादरीकरण कमी पडलं', 'ग्राहकांसमोर उभं राहण्याची तयारी नाही' असं म्हणतात. ते कोर्टात कसं सिद्ध करणार? उलट, जो उघड थट्टा करतो तो पकडला जाईल, आणि जो गुपचूप यादीतून नाव खोडतो तो सुटेल. पण माझा खरा आक्षेप याहून जुना आहे. 1794 साली, क्रांतीच्या ऐन भरात, आबे ग्रेग्वार या क्रांतिवादी धर्मगुरूंनी एक अहवाल मांडला. त्याच्या नावातच 'गावठी बोली नष्ट करण्याची गरज आणि मार्ग' असे शब्द होते. देशातले जेमतेम 30 लाख लोक फ्रेंच नीट बोलतात, हे त्यांचं दुःख. पुढच्या शतकात प्रजासत्ताकाच्या शाळांनी ते मनावर घेतलं. ब्रिटनी आणि दक्षिण फ्रान्समधल्या शाळांत आपल्या भाषेत बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी बूट किंवा तसलंच काही अडकवत. ओकिनावाच्या पाटीचं हे सख्खं भावंड. त्या दक्षिणेच्या माणसानं अखेर फ्रेंच स्वीकारली. पण जुन्या भाषेचा सूर फ्रेंचमध्ये उरला, धुतलेल्या कपड्यात हळद उरते तसा. मेलाँशों ज्याला हसले तो हा डाग. आता तो डाग लावून देणारं सरकारच येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड करणार, आणि शाळा मात्र तशीच राहणार? चोर सोडून संन्याशाला सुळी, असं नाही म्हणत. मेलाँशों काही संन्यासी नव्हेत. पण मोठा हात मोकळाच राहतो.

नॉर्वेनं हा हात आधी बांधला. 1878 साली तिथल्या संसदेनं ठराव केला, की शाळेत शिकवताना शक्य तितकी मुलांची स्वतःची बोलीभाषा वापरावी. लक्षात घ्या, शिक्षकानं मुलाच्या बोलीकडे यायचं. मुलानं शिक्षकाच्या नव्हे. हे तत्त्व तिथल्या शिक्षणाच्या कायद्यात आजही टिकून आहे: मूल कसं बोलणार हे मूल ठरवतं, आणि शिक्षकानं त्याच्या बोलीचा मान ठेवायचा. लिहिण्याची दोन प्रमाणरूपं आहेत, बुकमोल आणि निनॉर्स्क, आणि त्यांवरून भांडणंही भरपूर झाली. पण बोलण्याचं अधिकृत प्रमाण देशात नाहीच. 1970च्या दशकात तर 'बोली बोला, निनॉर्स्क लिहा' अशी घोषणा चालली. मंत्री, प्राध्यापक, डॉक्टर आपापल्या दरीखोऱ्यातल्या सुरात बोलतात, आणि कुणी त्याला धाडस म्हणत नाही. देश मोडला नाही. विज्ञान अडलं नाही. याचं श्रेय नॉर्वेच्या थोर मनाला देऊ नये. शतकानुशतकं डेन्मार्कची भाषा डोक्यावर बसल्यामुळे 'राजधानीचं बोलणं' म्हणजे परक्याचं बोलणं, अशी त्यांची जखम होती. कारण काहीही असो, परिणाम एवढाच की तिथल्या मुलाचे कान लहानपणापासून दहा सुरांवर पोसले जातात. ऑस्लोचं बोलणं तिथेही हळूहळू पसरतंयच. पण पसरणं वेगळं आणि पाटी लटकवणं वेगळं.

न्यूकॅसलचा जुना जॉर्डी घराला 'हयेम' म्हणतो. लंडनमध्ये हा अस्सल गावंढळपणा. उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वेला जा. तिथे घराला 'येम' म्हणतात, आणि राजाही तेच म्हणतो.

स्वित्झर्लंडचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. जर्मन भाषक स्वित्झर्लंडमध्ये बँकेचा अध्यक्ष आणि त्याचा सफाई कामगार दोघंही आपापली स्विस बोली बोलतात, त्यामुळे तिथे बोलीवरून वर्ग कळत नाही. 2011 साली झ्युरिकच्या मतदारांनी बालवाडीत प्रमाण जर्मनऐवजी बोलीच हवी असा कौल दिला. हे ऐकून मला जरा धास्तीही वाटते. बोली हा मुलाचा हक्क असतो तोवर ठीक. ती बाहेरून आलेल्याला ओळखायची खूण झाली की कुंपण होते. फुकुदाच्या नदीकाठीही लोक आपल्या बोलीचाच अभिमान बाळगत होते. म्हणून मी बोलीच्या अभिमानाची बाजू घेत नाही. अभिमान हा जिभेचाच आजार आहे, फक्त दुसऱ्या जातीचा. मी बोलतोय ते कानाबद्दल.

आता एक खरा आक्षेप. समजलंच नाही तर? शिक्षक, डॉक्टर, विमानतळावरचा नियंत्रक यांचं बोलणं कळलंच पाहिजे की नाही? पाहिजेच. पण जिथे एका शब्दावर तीनशे जीव टांगलेले असतात, त्या विमानवाहतुकीनं हा प्रश्न कसा सोडवला पाहा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 2008पासून वैमानिक आणि नियंत्रकांना इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. त्या पातळीच्या व्याख्येत सरळ लिहिलं आहे, की उच्चारावर मातृभाषेचा किंवा प्रांताचा प्रभाव असला तरी चालेल, समजण्यात तो फक्त अधूनमधून आड यावा. हेल घालवा असं कुणी म्हटलेलं नाही. आणि जिथे धोका आहे तिथे त्यांनी लंडनचा उच्चार लादला नाही. 'थ्री'चं 'ट्री' केलं, 'फाइव्ह'चं 'फाइफ', 'नाइन'चं 'नायनर'. हे कुणाच्याच गावचं बोलणं नाही. ऑक्सफर्डच्या साहेबालाही 'ट्री' म्हणावं लागतं आणि औरंगाबादच्या पोरालाही. प्रमाण हवंच असेल तर ते असं हवं. सगळ्यांना सारखी जीभ वळवावी लागेल असं. एकाच्या घरातलं बोलणं उचलून त्याला प्रमाण म्हटलं, की एका मुलाला जन्मतःच शंभरपैकी शंभर मिळतात आणि दुसरा पाचदा 'शाळा' म्हणत उभा राहतो.

मराठीचं प्रमाण कुणाच्या घरातून आलं हे लपलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ साहेबांचा कोश झाला (1831), कँडी साहेबांनी क्रमिक पुस्तकांच्या मराठीला वळण लावलं, आणि त्यांच्याभोवतीचे शास्त्री-पंडित ज्या पद्धतीनं बोलत ती शुद्ध ठरली. 'पाणी' म्हणणारा सुसंस्कृत आणि 'पानी' म्हणणारा अडाणी, ही विभागणी तेव्हापासून जातीचं काम बिनबोभाट करते आहे. आडनाव न विचारता आडनाव कळतं. आणि इतिहासाची थट्टा अशी की, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात उभा राहिला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. माझ्या गावापासून एसटीनं तासाभरावर. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण ज्या जुन्या वाङ्मयाकडे बोट दाखवलं त्यात तो ग्रंथ आहे. अभिजात म्हणून मिरवायला वऱ्हाड चालतं. वर्गात उभं राहून बोलायला चालत नाही. बहिणाबाईंचंही तेच. त्यांच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली, लेवा बोलीच्या थाटासकट छापल्या गेल्या आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकात आहेत. बाई त्या चालीत म्हणून दाखवतात, मुलं टाळ्या देतात. तास संपल्यावर तीच बोली बोलणाऱ्या पोराला बाई म्हणतात, नीट बोल.

मला कायदा नको, पाटी नको, बोलीचा महोत्सव तर अजिबात नको. तिथे फेटे बांधून येणारे पाहुणे प्रमाण भाषेतच भाषण करतात. मला तीन लहान गोष्टी हव्यात. डीएड-बीएडच्या अभ्यासक्रमात महाराष्ट्रातल्या बोली ऐकायचे तास असावेत. बोलायचे नव्हे, ऐकायचे. नांदेडची बाई रत्नागिरीच्या वर्गावर गेली तर पोरांनी आधी तिला समजून घ्यायचं आणि तिनं पोरांना. दुसरं, लेखी परीक्षेत प्रमाण लेखनाचे गुण खुशाल कापा, लिहिण्याला एक घडी लागतेच. पण तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत उच्चाराचे गुण नकोत. ब्रिटनमध्ये 2019च्या सुमारास झालेल्या उच्चार-पूर्वग्रहाच्या अभ्यासात एक साधी गोष्ट दिसली. निवड करणाऱ्यांना आधी एवढंच सांगितलं, की उच्चारामुळे आपलं मत झुकू शकतं, सावध राहा, तरी झुकाव कमी झाला. म्हणजे कान शिकतो. एका परिच्छेदाच्या सूचनेनं शिकतो. जिभेला वळवायला मात्र पाच खेपा आणि एक आयुष्य लागतं.

तिसरी गोष्ट यंत्रांची, आणि तिला वेळ फार थोडा आहे. 2020 साली अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात त्या शंभरातले सरासरी 19 शब्द चुकल्या, काळ्या माणसांच्या बोलण्यात 35. यंत्राच्या मनात द्वेष नसतो. त्याला ज्यांचं बोलणं ऐकवलं, त्यांचंच त्याला कळतं. आता सरकारी योजना, बँक, रेल्वे, शेतमालाचा भाव सगळं फोनला विचारायचं, असं चाललंय. त्या फोनला मराठी शिकवताना कुणाचे आवाज ऐकवायचे, हे आत्ता कुठल्या तरी खोलीत ठरत असणार. तिथे वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाड्याचे आवाज भरपूर घाला, अशी अट निदान सरकारनं पैसे देताना तरी घालावी. पिकल्सच्या 'गुड नीट'वर चिडलेल्या श्रोत्याला निदान उत्तर देता येत होतं. यंत्राशी भांडता येत नाही. माणूस गप्प आपली जीभ वळवतो.

माझी आई सत्तरीची आहे. पुण्यात आमच्याकडे येऊन-जाऊन असते, पण सून, नातवंडं, शेजारपाजार, कुणासाठीही तिनं आपलं बोलणं बदललं नाही. वाण्याकडे ती 'केयी' मागते आणि तो केळीच देतो. गेल्या दिवाळीत मुलीनं तिला फोनशी बोलून गाणी लावायला शिकवलं. चार-पाच वेळा फोननं भलतंच काही लावलं. मग मी पाहिलं, आई खुर्चीत ताठ बसली, फोन तोंडासमोर धरला आणि जीभ मागे वळवून सावकाश म्हणाली, "विठ्ठलाची, सगळी, जुनी, गाणी." ळ घोळवून, ण ठासून. गाणं सुरू झालं. तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बरोबर बोलली नं मी?"